भागरताबाईचा डोंगा

भागरताबाई बँकेत शिरायच्या आधी तिच्या पासबुकाचा वास शिरायचा. बाजाराच्या दिवशी मासे विकून झाले की टोपलीच्या तळाशी, पानाखाली जपून ठेवलेलं ते पासबुक ती काढायची, पदराला पुसायची आणि माझ्या काउंटरवर थापकन ठेवायची. आमचा कॅशिअर कट्टर शाकाहारी. तो नाकाला रुमाल लावून दोन बोटांनी पान उलटायचा, आणि मी हसू दाबत खतावणीत तोंड खुपसायचो. नोंद झाली की बाकीचे लोक पासबुक उचलून चालते व्हायचे. ही नाही! "वाच बाबू," म्हणायची, "वरून खालपर्यंत समदं वाच." तिला अक्षर येत नव्हतं. मी एकेक ओळ वाचायचो, ती डोळे मिटून ऐकायची. एखादी ओळ खटकली की डोळे टक्कन उघडायचे आणि प्रश्न यायचाच, "हे कोनी लिवलं? त्यानं डोऱ्यानं पायलं का?"

डोऱ्यानं म्हणजे डोळ्यांनी. आमच्या झाडीपट्टीत 'ळ' जिभेवर टिकत नाही. पण तो प्रश्न असा काही यायचा की समोरच्याला आपण खरंच डोळ्यांनी काय काय पाहिलंय याची उजळणी करावी लागे. एकदा भिंतीवरचं कॅलेंडर बघून मी तिला सांगितलं की उद्या पौर्णिमा आहे. त्यावरही तिनं तेच विचारलं!

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी भंडाऱ्याचा, चोविशीतला, नुकता चिकटलेला कारकून. सकाळी एसटीनं कारध्याचा पूल ओलांडायचा आणि लाखनीच्या शाखेत येऊन बसायचं, असा माझा दिनक्रम. तिथून काही कोसांवर एका मोठ्या तलावाकाठी ढिवरटोली होती. मासेमारीवर जगणारी बारा घरं. त्या बाराही घरांना आमच्या शाखेनं डोंग्यासाठी आणि जाळ्यांसाठी कर्ज दिलं होतं. डोंगा म्हणजे एकाच झाडाच्या बुंध्यातून कोरून काढलेली लांब, अरुंद नाव. भागरताबाईचा नवरा सीताराम त्या डोंग्यावर उभा राहून जाळं फेकायचा. बँकेत मात्र तो पायरीवरच बसून राही, आत यायचा नाही, कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. मी एकदा विचारलं, "बाई, हे मुके आहेत का?"

"मुके कायले असतीन, बापा! ते पान्यात बोलतेत. जमिनीवर मी बोलतो." आमच्याकडे बायाही 'मी बोलतो, मी जातो' असंच म्हणतात. आणि ही बोलायची म्हणजे काय बोलायची!

तिची खरी लढाई सुरू झाली ती पंधरा रुपयांवरून. दर तीन महिन्यांनी ती पंचेचाळीस रुपयांचा हप्ता भरायची, एकदाही चुकली नाही. पण त्यातले पंधरा आधीच 'निरीक्षण व प्रवास खर्च' म्हणून कापले जात. हप्त्याला लागत तीसच. मग हप्ता अपुरा पडला म्हणून दंडव्याज, आणि दंडव्याज थकलं म्हणून बाई थकबाकीदार! मी ती ओळ वाचली तशी तिचे डोळे उघडले.

"पंधरा कायचे, बाबू?"

"आमचे निरीक्षक साहेब येऊन तुमचा डोंगा पाहून जातात ना, त्याचा खर्च."

"कोन सायब? कवा आला? आमच्या टोलीत नवं कुत्रं आलं त समद्याइले मालूम होते. हा सायब कोनालेच कसा नाई दिसला?"

आमचे निरीक्षक हायवेवरच्या चहाच्या टपरीत बसून निरीक्षण करतात हे सगळ्या शाखेला ठाऊक होतं. त्यांच्याकडे कार्बन पेपर होता आणि वेळ भरपूर होता. मी मान खाली घातली. आज लिहितानाही त्या खाली घातलेल्या मानेची लाज वाटते. तिनं मॅनेजरकडे तक्रार केली, मला सांगून दोनदा अर्ज लिहून घेतला, अंगठे उमटवले. उत्तर एकच: "नियमाप्रमाणे आहे."

मग वसुलीवाले सुटले. दोन आडदांड गडी भर बाजारात तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, गिऱ्हाइकांदेखत नाही नाही ते बोलले आणि जाताना "हप्त्यापोटी" म्हणून दोन रोहू उचलून चालते झाले. दुसरी एखादी तिथंच रडत बसली असती. ही तासाभरात माझ्या काउंटरपुढं हजर!

"बाबू, लिव. दोन रोहू जमा."

"अहो बाई, रोहू कसे जमा करणार?"

"काहून नाई? तुमच्या मानसाइनं हप्ता म्हनून नेले. शंभर लोकाइनं डोऱ्यानं पायलं. पावती दे मले!"

रांगेतले लोक खो खो हसायला लागले. कॅशिअरनं रुमाल काढून तोंडावर धरला, बहुतेक तोही हसत होता. मॅनेजर केबिनमधून बाहेर आले, लालबुंद झाले, आणि मुकाट्यानं खिशातून त्या माशांचे पैसे काढून तिच्या खात्यात भरले. मी पावती लिहिली. ती मला वाचायला लावली, ते सांगायला नकोच.

पण हसण्यानं थकबाकी थोडीच पुसली जाते! वैशाखात तिच्या नावानं जप्तीचा हुकूम निघाला. डोंगा उचलून आणायचा. डोंगा गेला म्हणजे सीतारामचे हात गेले, घर बसलं. नागपूरहून वसुली अधिकारी आले, उंचेपुरे, आवाज खणखणीत. जीपमध्ये ते, दोन गडी, आमचे निरीक्षक, आणि पंचनामा लिहायला मी. फायलींचा गठ्ठा माझ्या मांडीवर.

भर दुपारी तलावाकाठी पोचलो आणि बघतो तर काय, काठावर एकही डोंगा नाही! नुसतं पाणी चमकतंय. टोलीतली माणसं जमली. भागरताबाई कमरेवर हात देऊन पुढं उभी, सीताराम तिच्या मागं.

"नाव कुठं बांधलेली असते?" अधिकाऱ्यांनी निरीक्षकांना विचारलं. निरीक्षकांनी चहूकडे नजर फिरवली आणि ऐटीत बोट दाखवलं, "तिथं, साहेब. त्या उंबराखाली."

एक म्हातारी फिस्सकन हसली. "अगा, तेथं त म्हशी बसतेत!"

अधिकाऱ्यांचा आवाज चढला. "बाई, नाव कुठं आहे?"

"आहे."

"कुठं आहे? विकलीस ना? तारण ठेवलेली वस्तू विकलीस! आता जप्ती नाही, फौजदारी! तुरुंगात जावं लागेल दोघांना!"

डोंगा नाही म्हटलं तर तुरुंग, आहे म्हटलं तर डोंगा जाणार! बाईनं करावं काय? बाईनं माझ्याकडे पाहिलं.

"डोंगा दाखवतो, सायब. पयले तुमच्या कागदात काय लिवलं हाये ते आयकू द्या. बाबू, गेल्या वैशाखातलं वाच. जोरानं वाच!"

निरीक्षकांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की बस्स. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, दोन महिने राहिले होते, आणि माझा शेरा लिहिणार हेच गृहस्थ. मी फाईल उघडली. निरीक्षक मुद्दाम खाकरले. पण एवढ्या वेळा तिच्यासमोर वाचलं होतं ना, ती सवयच कामी आली. मी वाचलं, आणि जोरानं वाचलं: "नाव तलावाकाठी बांधलेली प्रत्यक्ष पाहिली. पाण्यात चालवून पाहिली. स्थिती उत्तम." खाली तारीख मे महिन्यातली, ऐन वैशाखातली.

आणि मग अख्खी टोली हसत सुटली! बाया पदर तोंडाला लावून हसताहेत, म्हातारे गुडघ्यावर थापा मारताहेत. अधिकारी भांबावले. "यात हसण्यासारखं काय आहे?"

"सायब," भागरताबाई म्हणाली, "वैशाखात कोनाचा डोंगा काठावर असते, बापा? उनात लाकूड तडकते. चैताची मासोरी धरून झाली का आमी गोटे भरून डोंगा पान्यात बुडवतो. पाऊस आला का काहाडतो. माह्या आज्यापासून हेच चालून राहिलं. तुमच्या सायबानं वैशाखात चालवून पायला म्हन्ता?"

अधिकाऱ्यांना पटेना. "कशावरून? आता रचून सांगत असशील."

"मंग डोऱ्यानंच पाहा!" म्हणत तिनं कासोटा घट्ट केला आणि ती सरळ पाण्यात शिरली. मागोमाग सीताराम, आणि काय सांगू, कमरेएवढ्या पाण्यात गेल्याबरोबर त्या मुक्या माणसाला कंठ फुटला! "इकडं! आनखी थोडं! हाव, येथं! धर!" त्यानं बुडी मारली. वर आला तो हातात धोंडा. पुन्हा बुडी, पुन्हा धोंडा. टोलीतले चार जण उतरले. मला राहवेना, मीही फाईल जीपच्या बॉनेटवर टाकून पँटसकट उतरलो. आणि गंमत बघा, ते जप्तीला आणलेले दोन आडदांड गडी, तेही "हैशा!" करत हात लावायला आले. पाणी हललं, खालून काहीतरी काळं काळं वर आलं, एक टोक, मग दुसरं, आणि अख्खा डोंगा पाणी निथळत उन्हात आला. कुठं चीर नाही, तडा नाही. मी तर ओरडलोच.

भागरताबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून निरीक्षकांना म्हणाली, "सायब, तुमी याले पायला तवा धोतर किती वलं झालतं?"

निरीक्षक धोतर नेसत नसत, पण त्यांची चड्डीसुद्धा त्या दिवशी घामानं ओली झाली असणार. अधिकाऱ्यांनी त्यांना एक शब्द विचारला नाही. माझ्याकडे हात केला. "बाकीच्या अकरा फायली." त्यांनी जीपला टेकून एकेक उघडली. बाराही ठिकाणी तोच मजकूर, त्याच तारखा, कार्बनच्या निळ्या अक्षरांत. फक्त खातेदाराचं नाव वेगळं. फाईल मिटून त्यांनी घाम पुसला आणि मला म्हणाले, "लिहा. नाव पाण्याखाली सुस्थितीत आढळली. जप्ती केली नाही. निरीक्षण खर्च आणि दंडव्याज याबद्दल अहवाल मी देतो." मी लिहिलं. पंचनाम्यावर पाण्याचे थेंब पडून दोन अक्षरं फुटली, तरी तसाच दिला.

दोन-अडीच महिन्यांनी आदेश आला. बाराही खात्यांवरचा निरीक्षण खर्च आणि दंडव्याज परत! निरीक्षकांची बदली झाली, माझी नोकरी कायम झाली. भागरताबाई आली, पासबुक थापकन ठेवलं, डोळे मिटले. मी वाचत गेलो. जमा, जमा, जमा. तिनं डोळे उघडले.

"हे कोनी लिवलं?"

"मी लिहिलं, मावशी. माझ्या हातानं."

"मंग ठीक हाये." आणि टोपलीतून पानात गुंडाळलेला एक रोहू काढून तिनं काउंटरवर ठेवला. "घे. याची पावती नोको." कॅशिअर खुर्चीसकट दोन हात मागं सरकला.

त्यानंतर माझी बदली नाकाडोंगरीकडे झाली. सात-आठ वर्षांनी लाखनीला परत आलो तो निरीक्षक होऊन. हो, त्याच खुर्चीवर! भागरताबाईनं पहिलं कर्ज फेडून मधल्या काळात नव्या डोंग्यासाठी दुसरं घेतलं होतं. फाईल पाहिली, आणि मन उचंबळून आलं; आता जाऊन तिला दाखवतो, म्हटलं, की बघ मावशी, निरीक्षक असाही असतो. टोलीत पोचलो तर कळलं, गेल्या पावसाळ्यात तापानं गेली. मी उंबराखाली उभा राहिलो आणि मला रडू आवरलं नाही. म्हशी बसल्या होत्या तिथं.

वैशाखच होता. काठावर एकही डोंगा नव्हता. जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "चला साहेब, या दिवसांत नावा पाण्यात बुडवलेल्याच असतात, आता सगळ्यांना माहीत आहे. तसं लिहून टाका ना." मी बूट काढले. मोजे काढले. सीताराम म्हातारा झाला होता. तो काही न बोलता पुढं झाला, मी त्याच्या मागं. पाणी गुडघ्याला लागलं, मांड्यांना लागलं, कमरेला आलं. त्यानं थांबून माझा हात धरला आणि थोडं डावीकडं सरकवलं. माझ्या तळव्याला लाकूड लागलं. गार, गुळगुळीत, धड. मी पायानंच त्याची कड चाचपत टोकापर्यंत गेलो आणि परत आलो.

इतक्या वर्षांत सीताराम माझ्याशी एकदाही बोलला नव्हता. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून त्यानं विचारलं, "पायलं का, बाबू?"

"पायलं," मी म्हणालो.