वाचलंय, पर बोलला न्हाई

“वाचलंय, पर बोलला न्हाई.” शिफ्ट सुटली की गेटवर हे वाक्य ऐकू यायचंच. आमच्या चाकणच्या कंपनीत फोन आत नेता येत नाही. येताना गेटवर जमा करायचा, जाताना परत घ्यायचा. फोन हातात आला की बाकीची माणसं घरी लावतात. मेंटेनन्समधले आमचे दादा आधी आपलं स्टेटस कुणी बघितलं ते तपासायचे, आणि मग ग्रुपवर कोण कोण वाचून गप्प बसलंय ते. मी रहाटणीच्या बसची वाट बघत शेजारीच उभा असायचो. त्यामुळे सगळा निकाल मलाच ऐकावा लागायचा.

असा एक जण तुमच्याही आसपास असेलच. माणूस वाईट मुळीच नव्हता. माझी आई पिंपरीला दवाखान्यात होती तेव्हा थकलेल्या अंगाने, स्वतःचं गाव सोडून उलट्या दिशेला मोटारसायकल मारत रोज डबा घेऊन यायचे. पण परत गेल्यावर मी “पोचलात का” असा मेसेज केला नाही, की दुसऱ्या दिवशी तोंड एवढंसं. “काय राव, राग आला व्हय आमचा?”

दादांचं गाव जवळच. समोर चुलत भावाचं घर, मध्ये काय ते अंगण. दोघं एका ताटात जेवून वाढलेले. भावाला मूलबाळ नाही. दादांची मुलगी त्याच्याच खांद्यावर मोठी झाली, आणि तिचं कन्यादान तो आणि त्याची बायको करणार, हे ती रांगत होती तेव्हाच ठरून गेलेलं.

बिनसलं ते एका स्टेटसवरून. भावाने लिहिलं, ‘आपलं कोण, ते वेळ आल्यावर कळतं.’ दादा म्हणाले, “मलाच हाणलाय.” यांनी उलट वाघाचा फोटो ठेवला. त्याने सिंहाचा. पन्नाशीतले दोन बाप्ये, अंगणाच्या दोन टोकांना बसून एकमेकांवर जनावरं सोडतायत. आम्ही खूप हसलो. मग दादांची झोप गेली, जेवण तुटलं. कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर फोन बाजूला ठेवा. “फोन ठिवला तर कोन काय म्हनतंय ते कळायचं कसं?” असं म्हणून कपाळ दाबत बसायचे. मला कीव यायची, आणि खरं सांगतो, कंटाळाही यायचा.

त्यातच मुलीचं लग्न ठरलं. त्यांच्यात आवतणाची रीत कडक. घरी जाऊन, अक्षता देऊन सांगायचं. त्याशिवाय सख्खा भाऊही लग्नाला येत नाही. दादांनी भावकीच्या ग्रुपवर पत्रिका टाकली, आणि वर सगळ्या घरी अक्षता घेऊन फिरलेही. समोरचं घर तेवढं राहिलं.

“अहो दादा, अंगण ओलांडायचंय. जाऊन या की.”

“वाचलंय त्यानं. हे बघा, निळं झालंय. वाचलंय, पर बोलला न्हाई.”

“आवतण आल्याशिवाय तो बोलेल कसा?”

“आन मी गेलो आन त्यानं तोंड फिरवलं तर? मंग कुटं जाऊ, सांगा.”

माझी बस आली.

लग्नात गुरुजींनी कन्यादानाला जोडपं बोलावलं. दादा कार्यालयाच्या दाराकडे बघत उभे. गुरुजींनी पुन्हा हाक दिली, तेव्हा बायकोला घेऊन स्वतःच पाटावर बसले. मुलीचं रडू थांबेना. पाहुण्यांना वाटलं, सासरी जायचंय म्हणून.

आठवड्याने नवं जोडपं चुलत्याच्या पाया पडायला गेलं. तिथे कन्यादानाची भांडी मांडून ठेवलेली, प्रत्येकावर तिचं नाव घातलेलं. चुलती म्हणाली, “लग्नादिवशी हे नवी कापडं घालून वसरीवर बसलं व्हतं. तुजा बा आता यील, मंग यील.” आणि ते स्टेटस? त्याच्या कंपनीतल्या सोबत्यांवर होतं. दादांचा त्यात काही संबंधच नव्हता.

हे सगळं मुलीने येऊन बापाला सांगितलं, आणि बापाने मला, गेटवर. त्यानंतर ते एकदाचे समोर गेले. आता त्यांची शिफ्ट बदललीय, आमची गाठ पडत नाही. शेवटचं बोलणं झालं ते याच भेटीबद्दल.

“काय म्हणाला भाऊ?”

“ये म्हनला. पानी दिलं, च्या दिला. बसायला खुर्ची दिली.”

“मग चांगलंच झालं की.”

दादांनी मान हलवली. “त्या घरात आजवर चुलीपाशी बसत आलोय, राव. खुर्ची पाव्हन्याला देत्यात.”