ढिली वायर

परतूरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. ऑनलाइन परीक्षेच्या सकाळीच, सगळे कॉम्प्युटर ज्याला जोडलेले होते तो जुना नेटवर्क स्विच बंद पडला. नवा घेऊन जालन्याहून एक ताई आल्या. बाहेर मुलं खोळंबलेली, तरी त्या एकेका वायरला कागदाची पट्टी चिकटवून नंबर घालत बसल्या.

"ताई, जल्दी करा," मी म्हणालो.

"काढायला येळ लागत न्हाई सर, बराबर लावायला लागतो."

तासाभरात परीक्षा सुरू झाली. थोड्याच वेळात शेवटच्या रांगेतली एक मुलगी रडायला लागली. तिचा पेपर मधेच अडकला होता.

"काय दाबलंस?" पर्यवेक्षक तिच्यावरच ओरडले.

ताईंनी स्विचपाशी जाऊन एक वायर दाबून बसवली. पेपर पुन्हा सुरू झाला. मी हळूच म्हणालो, "कॉम्प्युटर जुना आहे, असं सांगू."

त्या सरळ पर्यवेक्षकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "वायर मीच ढिली लावल्ती. पोरीची काहीच चूक न्हाई. तिचा गेलेला येळ तिला द्या."

मुलीला वेळ वाढवून मिळाला. इतक्या वर्षांच्या नोकरीत 'मीच' हा शब्द असा चारचौघांत मला एकदाही उच्चारता आलेला नाही.