शेवटच्या डब्यातली जागा

मी लेकीकडे अकोल्याला होते. सकाळीच वाशीमहून माझ्या मुलाचा, प्रकाशचा, फोन आला. "आई, आत्या गेली." मी विचारलं, "कोन्या गाडीनं?" सुमनताई, माझी नणंद, आयुष्यभर कुठं ना कुठं निघालेलीच असायची. आज मालेगावला भाचीकडं, उद्या किन्हीराजा गावी कुणाच्या लग्नाला. म्हणून तोंडातून तसं गेलं. मग कळलं, आणि आपण काय विचारलं तेही कळलं. त्याला आता दीड महिना झाला.

आमच्या गावच्या नगरपालिकेच्या बागेत सत्तरच्या दशकात एक छोटी रेल्वे होती. आजच्या पोरांना सांगितलं तर ती हसतात. विहिरीवरचं डिझेल इंजिन, त्याला पत्र्याचं लाल तोंड, मागं चार डबे. कारंज्याला वळसा घालायचा, पत्र्याच्या बोगद्यातून जायचं आणि परत. चालवायचे युसुफभाई मिस्त्री. तिकिटं फाडायला, शिट्टी वाजवायला आणि हिरवं निशाण हलवायला आमची सुमनताई. आमच्या घराण्यात पगार आणणारी ती पहिली बाई. सासूबाई सांगायच्या, "माह्या सुमनच्या शिट्टीबिगर गाडी हालत नाही!"

गाडी पहिल्यांदा सुटायची होती तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम आठवडा झाला होता. मी नववी पास, त्यामुळं सगळं जग मला कळतं अशी माझी खात्री. दुपारी शेजारीण बागेतून निरोप घेऊन आली, "गाडी लागली म्हने, सुमननं वयनीले झटकन बलावलं." माझ्या माहेरच्या खेड्यात रेल्वे नव्हती. गाडी लागते ती फक्त पोटाला, एस.टी.त बसल्यावर. मी शहाणीनं स्वयंपाकघरातलं लिंबू उचललं आणि नवं लुगडं सावरत भर बाजारातून धावत सुटले. बागेत ही गर्दी! सुमनताई फलाटावर उभी, चेहरा लालेलाल. तो आनंदानं लाल झालाय हे मला काय ठाऊक? मी तिचं डोकं धरलं आणि लिंबू थेट नाकाला लावलं. "हुंगा, ताई, हुंगा! आत्ता बरं वाटते!"

शिट्टी तिच्या तोंडातून गळून पडली. युसुफभाई इंजिनावरून ओरडले, "अरे भाभी, पहिले मले हुंगवा! गाडी तं मी चालवून राह्यलो!" अख्खी बाग हसली. सुमनताई तर खालीच बसली, पोट धरून. मग डोळे पुसत म्हणाली, "गाडी फलाटाले लागली वं, वयनी! चाल, तुह्यासाठी शेवटच्या डब्यात जागा धरून ठेवली."

मी बसले नाही. नववी पास बाईचा अपमान झाला होता ना! तरातरा घरी आले. ती जागा तिनं दुसऱ्या कुणाला दिली नाही, हे मागाहून कळलं. गाडी पहिली फेरी मारून आली, ती जागा रिकामीच फिरून आली.

पुढं सगळे बसले. माझी लेकरं बसली, पोहरादेवीच्या यात्रेहून परतणारी माणसं वाटेत उतरून बसली, सासूबाईसुद्धा डोळे गच्च मिटून बसल्या. मी बाकावर शेंगा खात राहायची. सुमनताई दर वेळी हाक मारायची, "वयनी, लागली वं गाडी! जागा हाये." आणि मी म्हणायची, "नाही बाई, मले गाडी लागते." खरं तर मला जन्मात कधी गाडी लागली नाही. एस.टी.त मागच्या सीटवर बसून मी भजी खाते. तिला हे पक्कं माहीत होतं, तरी दर वेळी मान हलवून म्हणायची, "हो का... बरं, पुढच्या फेरीले."

पुढच्या फेऱ्या काही कायम राहत नाहीत. डिझेल मिळेना, गाडी दिवसचे दिवस उभी राहू लागली. दशक सरता सरता इंजिन काढून बागेतल्या विहिरीवर बसवलं, रूळ गेले. डबे भंगारात निघाले तेव्हा सुमनताईनं शेवटचा डबा बैलगाडीवर घालून घरी आणला आणि अंगणात शेवग्याखाली ठेवला. म्हणाली, "आता तं बस. आता गाडी कायले लागते?" मी काय म्हणावं? "उभ्या गाडीत काहून बसू? लोक हसतील!" हसायला लोक होतेच कुठं? आम्ही दोघीच होतो. मी त्या डब्यात मिरच्या वाळवल्या, कुरडया वाळवल्या, मांजरीनं पिल्लं घातली. सुमनताई मात्र रोज संध्याकाळी आपल्या अर्ध्या बाकावर बसायची. उरलेलं अर्धं झटकून ठेवायची.

या खेपेला अकोल्याला निघाले, तेव्हा ती दारापर्यंत आली. माझ्या पिशवीत लिंबू टाकलं. "ठेव, तुले गाडी लागते ना." आणि हसली... तीच, बागेतली. मी म्हटलं, "आल्यावर बसू दोघी." पहिल्यांदाच म्हटलं. ती म्हणाली, "जागा हाये."

आता संध्याकाळी मी त्या डब्यात बसते. माझ्या अर्ध्या बाकावर. तिचं अर्धं झटकून ठेवते. हातात ते लिंबू असतं, सुकून सुपारीएवढं झालेलं. डबा जागचा हलत नाही. शेवग्याचं पान पडलं तरी ऐकू येतं इतकं अंगण शांत. आणि तरी, खोटं नाही सांगत, पोटात कालवतं, डोळ्यांसमोरचं सगळं फिरायला लागतं, मी लिंबू नाकाला लावते.

सुमनताई, मले गाडी लागते वं.