आईची फुसफुस

आमच्या उपनगरातल्या सार्वजनिक रुग्णालयाला डॉक्टरकीचं कॉलेज जोडलेलं आहे, त्यामुळे तिथे खाटेपाशी एक डॉक्टर येत नाही, अख्खा वर्ग येतो. आईच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती आणि रक्त मागे फिरताना फुसफुस आवाज व्हायचा. मोठे सर पहिल्याच दिवशी पोरांना म्हणाले, "इतकी सुरेख केस रोज मिळत नाही." झालं. आयुष्यभर भाकऱ्या थापून जे कौतुक मिळालं नाही, ते आईला बिघडलेल्या झडपेने मिळवून दिलं.

मग ती खाटेवरूनच शिकवू लागली. कुणी सांगायच्या आत डाव्या कुशीवर वळायची, श्वास सोडून धरायची, छाती तपासायची नळी गार लागली तर "आधी हातावर चोळ रे" म्हणून दटावायची.

ऑपरेशन लवकर व्हायला हवं होतं. सर समजावत होते, मी भांडत होते आणि ही बाई संमतीच्या कागदावर सही करत नव्हती. कारण काय, तर वर्गातल्या एका चष्मेवाल्या मुलीला तो आवाज अजून ऐकू आला नव्हता आणि तिची परीक्षा तोंडावर आली होती. "तिका ऐकाक येयसर मी कापून घेवचंय नाय."

मी जाम घाबरले होते. आईला दोन पावलांत दम लागायचा, आणि ही दुसऱ्याच्या लेकीचा अभ्यास घेत बसलेली. शेवटी मी त्या मुलीला जिन्यात गाठलं. "ऐकू आलं म्हण ना यार, तुझं काय जातंय?"

बिचारी म्हणाली तसं. आईने लगेच उलटतपासणी घेतली, "कसा येता? करून दाखव." मुलीने धडधड करून दाखवली. नापास.

मग आईनेच तिचा हात धरून नळी काखेकडे सरकवली. मुलगी डोळे मिटून वाकून राहिली. हळूच म्हणाली, "फुस्स. आजी, फुस्स."

"आण गो तो कागद," आई मला म्हणाली.

ऑपरेशन पार पडलं. आई वॉर्डात परत आल्यावर ती मुलगी सगळ्यांच्या आधी आली, नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिली.

"काय ऐकाक येता?"

"काही नाही, आजी."

आईचा चेहरा पडला. माझ्याकडे वळून पुटपुटली, "गेली सगळी मेहनत. पोरगी इसारली."

मुलीला हसू आवरेना. मी तिच्याकडून नळी मागून घेतली आणि आईच्या छातीवर टेकवली. साधे ठोके, एकामागून एक. मला रडू फुटलं.

"तुका पण नाय येता?" आई वैतागली.

"येतंय," मी म्हटलं, आणि नळी काही परत दिली नाही.