पाट्यांवरची खूण

मोटारीच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं पोलाद कोयत्याला फार चांगलं. त्यामुळे भद्रकालीतल्या त्या मिस्त्रीच्या दुकानात चकचकीत कोयते टांगलेले दिसले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

माझी दोन सीटची जुनी शर्यतीची मोटार होती. तिचा पुढचा एक पाटा तुटला होता. मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि मेंदी लावलेल्या दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "एक बदलून भागायचं नाय साहेब. चारी बाजूंचे पाटे सोडावे लागतील. तुटला कसा?"

"लोखंडच हलकं," मी म्हणालो.

"अच्छा," एवढंच तो बोलला.

चारी बाजू कशाला? चांगले पाटे ढापायलाच, दुसरं काय! मी रोज तिथे उलट्या डब्यावर बसून पहारा दिला. त्याला ते कळत होतं. पाटे सुटे झाल्यावर त्याने कानस माझ्याच हातात दिली. "तुमची खूण तुम्हीच करा."

मी केली, प्रत्येक पाट्यावर. दणके खाऊन सपाट बसलेले पाटे त्याने भट्टीत तापवून पुन्हा कमानीत आणले आणि जोडताना एकेक खूण मला दाखवली. तुटका तेवढा बदलला होता. बाकी सगळे माझेच होते.

माझा जीव भांड्यात पडला. "चला मिस्त्री, त्र्यंबकच्या रस्त्याने फेरी मारून येऊ. बसा."

त्याने फडक्याला हात पुसले. "चालवणार कोण?"

"मीच की."

"मग तुम्ही व्हा पुढं," तो म्हणाला. "मी येतो मागून चालत."