डिजिटल सही आणि नव्या मॅडम

आमच्या नगरपंचायतीत कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांना पहिला हात मी लावला. पुढे कुणाचा प्रिंटर अडला, कुणाच्या दाखल्यावर नाव चुकीचं उमटलं, की सगळे एकच म्हणायचे, "ताईंना विचारा." नवरा बोटीवर, मुलगी पुण्याला शिकायला. घरी हाक मारायला कुणी नव्हतं. ऑफिसातली ही हाक मला पुरत होती.

मग देवरूखहून बदली होऊन ती आली. माझ्यापेक्षा बरीच लहान. रत्नागिरीला सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण होतं आणि त्यासाठी मी साहेबांना आधीपासून सांगून ठेवलं होतं. साहेबांनी तिला पाठवलं. परत आली तेव्हा ऑफिसच्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या सुरक्षेची जबाबदारी तिच्याकडे होती, आणि लोक तिला मॅडम म्हणू लागले. मी इतकी वर्षं राबून ताईच राहिले होते.

तिने स्क्रीनच्या कडेला चिकटवलेल्या पासवर्डच्या चिठ्ठ्या काढायला लावल्या. बाहेरचे पेनड्राइव्ह बंद केले. निम्म्या ऑफिसचा पासवर्ड ग्रामदेवीचं नाव होता, तोही बदलायला लावला. घरपट्टीचे काका माझ्या टेबलाशी येऊन कुरकुरले, "काय वो ताई, आता देवीवरपण भरवसा नाय यांचा?" मी हसले. आतून फार बरं वाटलं.

मार्चअखेरची गडबड होती. मी साहेबांच्या केबिनमध्ये फाइली घेऊन उभी होते. साहेबांचा मोबाईल स्पीकरवर होता आणि पलीकडून एक माणूस अगदी अदबीने बोलत होता. "मंत्रालयातून बोलतोय, साहेब. तुमच्या डिजिटल सहीची मुदत आज संपतेय. मोबाईलवर आकडे आले असतील, तेवढे सांगा. नाहीतर बिलं अडकतील." त्याला साहेबांचं नाव ठाऊक होतं, कुठल्या रस्त्याचं बिल राहिलंय तेही ठाऊक होतं. मलाही तो खराच वाटला.

तेवढ्यात ती आत आली. क्षणभर ऐकलं आणि म्हणाली, "साहेब, सांगू नका."

साहेबांनी हातानेच तिला गप्प केलं, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली, "चार, सात…"

तिने साहेबांच्या हातातला मोबाईल काढून घेतला आणि फोन बंद केला.

"काय केलंत कळतंय का तुम्हाला?" साहेब ओरडले. बाहेरची टाइपिंगची टकटक थांबली.

"कळतंय, साहेब. सही तुमची आहे, पण ते आकडे गेले की ती त्याच्या हातात. आपण स्वतः मंत्रालयात फोन लावून विचारू. मी चुकले असेन तर काय ती कारवाई करा माझ्यावर."

साहेब फोन लावत होते, तेवढ्या वेळात मी मनात म्हटलं, चुकू दे. माझं माहेर हेदवीचं. तिथल्या दशभुजा गणपतीकडे आजवर खूप मागितलं, पण दुसऱ्याचं चुकावं म्हणून पहिल्यांदाच हात जोडले.

मंत्रालयातून उत्तर आलं, इथून कुणी फोन केलेला नाही. दुसऱ्याच दिवशी कळलं, शेजारच्या एका कार्यालयाला तसाच फोन आला होता आणि तिथे आकडे सांगितले गेले होते. त्यांचे पैसे गेले, सगळी यंत्रणा बंद ठेवावी लागली, लोक दाखल्यांसाठी हेलपाटे घालत बसले.

तिचा सत्कार झाला. हार आणायला मलाच पाठवलं होतं. मी शेवंतीचा आणला, दुकानात गुलाबाचाही होता.

नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बोटीवर आम्हालापण शिकवतात हे. धीराची बाई आहे गो."

"आहे."

"तू जळतेस तिच्यावर."

"तुझं नेटवर्क जातंय," म्हणून मी फोन ठेवला.

पुढे तिला इतरांना शिकवायला रत्नागिरीला नेलं. जाण्याआधी ती साहेबांसमोरच मला म्हणाली, "हे काम आता तुम्हीच घ्या, ताई. इथली मशीनं तुमच्याएवढी कुणाला ठाऊक नाहीत." ती जरा तरी चढेल असती तर माझं किती सोपं झालं असतं!

काम मिळालं. प्रशिक्षणही झालं. आता पासवर्ड बदला म्हणून मी लोकांच्या मागे लागते आणि काका माझ्याबद्दल दुसऱ्या टेबलावर कुरकुरतात. परवा साहेबांना ठेकेदाराच्या नावाने एक मेल आला, सोबत बिल. मी पत्ता बघितला, एक अक्षर वेगळं होतं. "साहेब, हे उघडू नका, खोटं आहे," मी म्हटलं आणि ते अक्षर बोट ठेवून दाखवलं.

साहेबांनी मान डोलावली. मग मी समोर उभी असतानाच रत्नागिरीला फोन लावला. "मॅडम, आमच्या ताई म्हणतायत हे खोटं आहे. खरंच का?"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. साहेबांनी फोन ठेवला, मेल पुसला आणि समाधानाने म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. मॅडमही तेच म्हणाल्या."