कुणी मारलं नव्हतं

धाकटी एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. घरात सगळ्यांत लहान म्हणून पडलेलं नाव तिला कामावरही चिकटलं होतं. नवरा किल्ल्या बनवायचा. माणूस इतका अबोल, की मोठी बहीण म्हणायची, "जगाची कुलपं उघडतात, स्वतःच्या तोंडाचं तेवढं राहिलंय."

धाकटीच्या दंडांवर काळेनिळे डाग पडू लागले. टेबलाची कड लागली असेल, असं तिला वाटलं. पण एकदा बहिणीने तिची वर सरकलेली बाही पाहिली आणि दार लोटून घेतलं.

"खरं सांग. हात उचलतात तुझ्यावर?"

"काहीतरीच काय, ताई!"

"मग हे काय भुताने केलं?"

बाहेर किल्ली घासायचा आवाज थांबला. नवऱ्याने ते ऐकलं होतं. त्यानंतर तो तिच्या अंगाला हात लावेनासा झाला. चहाचा कपसुद्धा तिच्या हातात न देता ओट्यावर ठेवायचा.

मग नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले. पाठीवर एक जांभळट गाठ आली. दुखत नव्हती, खाजत नव्हती. बहिणीने तिला ओढतच कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नवराही मागोमाग आला.

बाईंनी ठिपक्यांवर काचेची पट्टी दाबली. रंग गेला नाही.

"हे पुरळ नाही. कातडीखाली रक्त झिरपतंय. हिरड्यांतून रक्त येतं? दम लागतो?"

धाकटीने मान डोलावली. बाईंनी रक्त तपासायला पाठवलं, गाठीचा तुकडा काढला. रिपोर्ट पाहून त्यांनी लगेच मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. तिथे कमरेच्या हाडातला मगज तपासायला काढला. ब्लड कॅन्सर निघाला. पाठीच्या गाठीतही त्याच पेशी होत्या.

बहीण नवऱ्यासमोर रडायला लागली. "मी तुमच्याबद्दल नाही नाही ते बोलले."

"असू द्या, ताई. मलाच वाटायचं, झोपेत माझा हात लागत असेल."

धाकटी दोघांकडे बघत राहिली. तिला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. समोरच्या खाटेवर चादर वाकडी अंथरली होती, तिने ती ओढून सारखी केली.

उपचार सुरू झाले. केस गेले, तोंड आलं. हळूहळू ठिपके फिकटले, गाठही बसली. डॉक्टर म्हणाले, "कातडी सुधारली म्हणजे आजार गेला असं नाही. हाडातला मगज पुन्हा तपासू."

"बरं," धाकटी म्हणाली.

नवरा आता तिच्या पायांवर हात ठेवून बसतो. बहीण रोज विचारते, "कसं वाटतंय गं?" धाकटी आत शोधून बघते.

"काहीच नाही," ती म्हणते.